हुकावरचा रंग

जालिंदर माझा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं असेल तर तो हक्क आधी माझा, मग बाकीच्यांचा. विट्यात कराड रोडला गॅरेजांची एक ओळ आहे. तिथं त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, आणि त्याला लागून माझं कुशनचं. ट्रॅक्टरच्या, जीपच्या सीटा मी शिवते. माझा नवरा वारला तेव्हा हाच मला सासरहून घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, रडत बसू नगंस, मशीन घे." सांत्वन म्हणून एवढंच. गोड बोलणं आमच्या घराण्यातच नाही, त्याला एकट्याला नावं ठेवून काय उपयोग?

धंद्यात मात्र पक्का. आणि त्यातही ट्रॉलीच्या लायटी म्हटलं की लोक त्यालाच शोधत यायचे. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला नवे ट्रॅक्टर आले, तसा हा ताप वाढला. नव्या ट्रॅक्टरला मागच्या बाजूला कंपनीनंच सॉकेट दिलेलं असायचं. ट्रॉलीची वायर आणायची, त्यात खुपसायची, झालं, असं लोकांना वाटायचं. पण ट्रॅक्टर कालचा आणि ट्रॉली बापाच्या काळातली. नव्या सुनेचं आणि जुन्या सासूचं पहिल्या दिवसापासून जमलंय का कुठं? डावीकडचा दिवा लावावा तर दोन्हीकडचे मिणमिणायचे. ब्रेक दाबावा तर मागं अंधार. मग गडी बल्ब बदलायचा, फ्यूज बदलायचा, शेवटी कंटाळून आमच्या दारात यायचा. वर बजावायचा, "वायर तोडू नगंस बरं का, वॉरंटी जाईल."

जालिंदर बल्बकडं बघायचासुद्धा नाही. एक लांब वायर घ्यायचा. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ट्रॉलीच्या उघड्या लोखंडाला टेकवायचा. दिवे लखलखीत लागले की म्हणायचा, "अर्थ न्हाई."

"अर्थ न्हाई म्हंजे?"

"म्हंजे करंटला परतीची वाट न्हाई. वायरीनं जातोय, बल्ब पेटवतोय, पर माघारी कुठनं येणार? ट्रॉलीच्या लोखंडातनं, हुकातनं, ट्रॅक्टरात. हुकाला गंज धरला, न्हाईतर रंग बसला, की वाट बंद. मग त्यो दुसऱ्या बल्बातनं चोरवाट काढतोय. म्हणून एकाला लावला की दुसरा बी मिणमिणतोय."

मग हूक खरवडून चकचकीत करायचा. वर एक जादा वायर ओढून द्यायचा, म्हणजे हुकावर भरवसा ठेवायला नको. हे सगळं मी मशीनवर बसल्या बसल्या इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेत विचारलं तरी सांगेन.

आता मूळ गोष्टीकडं येते. ती सांगताना मला अजून संताप येतो. कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

आमचे आबा छप्पन साली नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. घरातले देव गेले, त्यांच्यामागोमाग नवस, उतारे, खंडेनवमीही गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावातले सगळे कारागीर हत्यारं धुऊन मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. एकदा पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, अशी रीत. आबा म्हणायचे, "पक्कड पुसा, तेल द्या, जाग्यावर ठेवा. हीच तिची पूजा." दसरा म्हणजे आमच्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालायचे, विहारात जायचं, खीर खायची. जालिंदर या घरात वाढला.

पण दुकान टाकलं ते या ओळीत. पहिल्या खंडेनवमीला सगळ्यांच्या दारात झेंडू, आणि हा आपला एका जीपखाली झोपून डायनामो काढतोय. ओळीतले वडीलधारे म्हणजे गुंडाभाऊ वेल्डर. माणूस वाईट नव्हे. प्रसादाचं खोबरं हातावर ठेवताना सहज म्हणाले, "तुमच्यात कुठं असतंय म्हणा हे." झालं. बोलणारा बोलून गेला, पण ते ह्या येड्याच्या मनात रुतून बसलं. पुढच्या वर्षी याच्याही दारात झेंडू. पाटावर पक्कड, टेस्ट लॅम्प, पाने, सगळं मांडलं आणि वर कुंकवाची बोटं ओढली. मी लय भांडले. म्हटलं, "आबा असते तर?" तर म्हणाला, "अक्का, ओळीत बसायचं तर ओळीसारखं बसाया लागतंय."

"बस मग," मी म्हटलं. "मला प्रसाद आणू नगंस."

ज्या खंडेनवमीची ही गोष्ट, त्या दिवशी मी विहारात होते. दुसऱ्या दिवसासाठी झाडलोट चालली होती. त्यामुळं दुकानासमोर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण जालिंदरनं मला इतक्यांदा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच झालंय.

दुपार कलली होती. ओळीतली पूजा आटोपून सगळे गुंडाभाऊंच्या दारात चहा पीत होते. अवधूत नावाचा एक तरणा पोरगा ट्रॉली घेऊन आला. गाव कडेगावच्या बाजूला. ट्रॅक्टर महिनाभरापूर्वीचा, त्याला ऊस बांधलेला, झेंडूच्या माळा. ट्रॉली जुनी, पण सणासाठी निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली. हौसेनं रंगवलेली, म्हणजे हुकाचं भोकसुद्धा आतून निळं आणि वरची पिनही निळी.

अवधूत म्हणाला, "जालिंदरभाऊ, मागचं दिवं गेल्यात. साइड दिली की सगळंच मिणमिणतंय. खताची पोती घिऊन जायाची हायती, अंधार पडंल. जरा बघा की."

जालिंदरनं एकदा हुकाकडं बघितलं. बघितल्या बघितल्या त्याला कळलं, हे तो स्वतः सांगतो. हातात चहाचा कप, अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गुंडाभाऊंनी लावलेला नाम, आणि ओळीतली सगळी माणसं याच्या तोंडाकडं बघतायत. हा काय करतोय, पुजलेलं हत्यार उचलतोय का? उचललं तर म्हणतील, तुमच्यात कुठं असतंय म्हणा.

"हत्यार पुजलंय गड्या," जालिंदर म्हणाला. "आज हात लावता येत न्हाई. उद्या ये, सोनं वाटून झालं की पयलं तुझंच."

गुंडाभाऊंनी मान डोलावली. अवधूतही वाद घालणारा नव्हता, त्याच्याही घरी रीत तीच. "बरं," म्हणाला आणि गेला.

दिवेलागणीला तो आपल्या गावच्या फाट्यावर वळत होता. साइड दिलेली, पण मागं काही दिसत नव्हतं. पाठीमागनं दूधवाले नानासो आले, रिकामे कॅन घेऊन, त्यांच्या एम-एटी दुचाकीवर. त्यांना वाटलं ट्रॉली सरळ चाललीय. ट्रॉलीचा मागचा कोपरा आणि एम-एटी यांच्यामधे त्यांचा उजवा पाय सापडला. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण पाय गुडघ्याखालनं काढावा लागला.

नानासो म्हणजे आमच्याच पेठेतले. सकाळी आमच्या दारातही दूध घालायचे. पहाटे शीळ वाजवत यायचे आणि माझ्या मापात दोन थेंब जास्त टाकून म्हणायचे, "विजामाले, मांजराचा वाटा." असा माणूस.

दसऱ्याच्या सकाळी आम्हाला कळलं. मी विहारात जायला पांढरी साडी नेसून तयार होते, आणि जालिंदर तसाच उठून पोलीस ठाण्यात गेला. मी मागोमाग. ट्रॉली ट्रॅक्टरसकट आवारात लावलेली होती. हवालदार ओळखीचा, त्यानं अडवलं नाही. जालिंदरनं खिशातनं वायर काढली. एक टोक बॅटरीला लावलं, ट्रॉलीच्या कडेचा रंग किल्लीनं खरवडून दुसरं टोक तिथं टेकवलं. मला म्हणाला, "अक्का, साइडचं बटण दाब."

मी दाबलं. मागचा दिवा लागला. टकटक टकटक करत, अगदी झकास लागला. जालिंदर ट्रॉलीला टेकून खाली बसला. वायर हातातनं सुटली तसा दिवा विझला. म्हणाला, "पक्कड बी लागत नव्हती गं. दगडानं हुकाचा रंग खरवड, एवढं तोंडानं सांगायचं हुतं. तोंड तर पुजलं नव्हतं माझं."

मी त्याला उठवलं आणि घरी आणलं.

त्यानंतर त्याचा जो खेळ सुरू झाला तो बघवत नव्हता. तो ज्याला त्याला सांगत सुटला, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं. आणि जो तो त्याला सोडवत सुटला. गुंडाभाऊ म्हणाले, "येडा हाईस का? पुजलेलं हत्यार कुणी उचलतंय?" अवधूत बिचारा स्वतःच रडत होता. तोही म्हणाला, "तुमची काय चूक भाऊ, मीच थांबाया पाहिजे हुतं." आणि कहर म्हणजे नानासो. आम्ही मोसंबी घेऊन मिरजेला गेलो, तर पलंगावर पडल्या पडल्या यालाच धीर देतायत. "तू काय करणार जालिंदर? खंडेनवमीचं हत्यार. देवीच्या मनात हुतं, तिनं नेला पाय."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर जालिंदर मला म्हणाला, "अक्का, कुणीतरी एक कानाखाली हाणावी गं." मी म्हटलं, "मी हाणू?" तर म्हणाला, "तुझी चालत न्हाई." आणि खाली मान घालून स्टँडकडं चालायला लागला.

त्यानं धंद्यात एक नवीन खूळ काढलं. कसलीही ट्रॉली आली, कुशनसाठी माझ्याकडं आलेली का असेना, आधी तो वायर घेऊन हूक तपासायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, लायटी ठीक हायत की. हा ऐकायचा नाही. जादा अर्थाची वायर ओढूनच सोडायचा. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॉल्या हात करून थांबवायचा. लोक हसायला लागले. जेवणावरची वासना गेली, गालफडं बसली. मी ओरडायचे, समजावायचे, पण पालथ्या घड्यावर पाणी.

नानासो घरी आले. सांगलीच्या शिबिरात त्यांना पायही मिळाला, चांगला मापाचा. तो कोपऱ्यात उभा करून ठेवला होता आणि त्यावर टॉवेल वाळत घातलेला. नाना पलंगावरनं उठायचे नाहीत. तोंड भिंतीकडं. शीळ नाही, चेष्टा नाही. भाकरी दिली तर कुस्करून ठेवायचे.

त्यांची बायको बयाबाई एक दिवस माझ्या दुकानात आली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. "विजाक्का, माणूस झिजाया लागलाय गं माझा. म्हणत्यात, देवीनं पाय न्हेला म्हंजे माझंच कायतरी चुकलं. दोन वर्सं गोंधळ घातला न्हाई, कधी दुधात पाणी घातलं असंल, कुणाला लागंल आसं बोललो असंन. निस्तं उकरत बसत्यात. पाय लावा म्हटलं तर म्हणत्यात, तिनं न्हेलेला मी कसा लावू, पुना कोपंल. डागदर म्हणला, आसंच पडून ऱ्हायलं तर दुसरा बी कामातनं जाईल. काय करू गं?"

पलीकडं जालिंदर बॅटरीला पाणी घालत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. बयाबाई गेली तसा माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, मी त्यास्नी खरं सांगतो."

"काय खरं?"

"मी देवीपायी न्हाई थांबलो. मी गुंडाभाऊपायी थांबलो. ओळ बघत हुती म्हणून. नाना तिकडं देवीची माफी मागत मरायला लागल्यात, आणि मी देवीच्या पाठीमागं लपून बसलोय. आपली देवी बी न्हाई ती."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. नाना उद्या चारचौघांत बोलले, की पूजा म्हंजे ह्यांचं निस्तं नाटक हुतं, तर ह्या ओळीत आपल्याला कोण बसू देईल? भोळ्या भक्तीला लोक माफ करत्यात, सोंगाला न्हाई करत. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणार हाईस का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "नानांच्या पायावर पडला की अक्का. माझ्या कुठं पडला?"

 मी शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर निघाले.

नाना भिंतीकडं तोंड करून पडले होते. बयाबाईनं पाण्याचे पेले आणून ठेवले. जालिंदर पलंगाजवळ खाली बसला आणि बोलायला लागला. 

"नाना, त्या दिशी हत्यार पुजलं हुतं, पर माझी श्रद्धा न्हाई त्याच्यावर. आमच्यात नसतंय ते. गुंडाभाऊंनी एकदा टोमणा मारला, तवापास्नं ओळीत चार माणसं हसू नयेत म्हणून पुजत हुतो. अवधूत आला तवा चूक कुठं हाय ते मला दिसलं हुतं. हुकावर रंग हुता. दगडानं खरवड म्हणलो असतो तरी भागलं असतं. पर माणसं माझ्याकडं बघत हुती. मी भ्यालो आणि त्याला लावून दिलं. ह्यात देवीचा कायबी संबंध न्हाई. मी केलंय हे."

नाना हळूहळू वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड नीट दिसलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"देवीनं न्हाई न्हेला?"

"न्हाई."

"मग माझं काय चुकलं हुतं?"

"तुमचं कायबी चुकलं न्हाई नाना."

 मला वाटलं नाना आता रडतील. पण त्यांच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. "भाड्या!" म्हणाले. "आरं भाड्या, मी हितं जन्माचं पाप उकरतोय! मेलेल्या आईची माफी मागून झाली माझी! आणि तू... मोसंबी घिऊन येत हुतास व्हय रं? मोसंबी?" उशाचा पेला उचलून फेकला. तो जालिंदरच्या खांद्याला लागून दारापर्यंत घरंगळत गेला. "चालता हो! तोंड दावू नगंस!"

आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात जालिंदर म्हणाला, "अक्का, मी माझं वझं उतरवायला गेलो, आणि त्यांच्या उरावर टाकून आलो. त्यास्नी देवीचा तरी आधार हुता. त्यो बी मी काढून घेतला." मीही आतून हादरले होते. वाटलं, गप बसवलं असतं तर बरं झालं असतं. आता नाना त्या पलंगावरनं कधीच उठणार नाहीत, असंच मला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर बयाबाई आली. जालिंदर उठून उभा राहिला. ही आता शिव्याशाप देणार, आणि आपण ऐकून घ्यायचे, अशा तयारीनं.

बयाबाई म्हणाली, "काल तुमी गेल्यापास्नं शिव्या द्याला लागल्यात. तुमच्या सात पिढ्यांस्नी. आणि शिव्या देत देत दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी विजाक्का! वर झुणका मागून घेतला. सकाळी उठून म्हणाले, त्यो पाय आण हिकडं, मला त्या जाल्याच्या दारात जायाचंय." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "देवीवर रागवाया येत नव्हतं गं त्यास्नी."

जालिंदर डोळे पुसत होता, आणि हाताला ग्रीस, त्यामुळं सगळं तोंड काळं झालं.

त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी नाना माणसं भरून आलेल्या वडापच्या जीपमधनं उतरले. एका काखेत कुबडी, खाली नवा पाय. पाय अजून सवयीचा नव्हता. दर पावलाला तोंड कसंनुसं व्हायचं, पण बयाबाईला हात लावू देत नव्हते. ओळीच्या तोंडाशीच थांबून आरोळी ठोकली, "ए जाल्या! भाईर ये!"

जालिंदर बाहेर आला. नानांनी जे सुरू केलं ते मी इथं सांगू शकत नाही. सगळी ओळ कामं सोडून बाहेर आली. वेल्डिंग थांबलं, पंक्चरवाल्याची हवा थांबली. गुंडाभाऊ मधे पडले. "नाना, जाऊ द्या की. हत्यार पुजलं हुतं त्यानं..."

"तू गप ए गुंडा!" नाना कडाडले. "हत्यार त्यानं देवीसाठी पुजलं नव्हतं. तुझ्यासाठी पुजलं हुतं! तू टोमणा मारलास म्हणून! इचार त्याला!"

गुंडाभाऊंनी जालिंदरकडं बघितलं. जालिंदरनं मान हलवली, व्हय म्हणून. गुंडाभाऊंचा चष्मा हातातच राहिला.  ज्या गोष्टीला हा इतकी वर्षं भीत होता ती भर दुपारी, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर झाली. हा हात जोडून नुसता उभा होता.

बोलून बोलून नानांना धाप लागली. जालिंदरनं स्टूल पुढं सरकवलं. नाना त्याला ढकलून त्यावर बसले.

"पाणी दे," म्हणाले.

मी आमच्या माठातनं तांब्या भरून आणला. नाना घटाघटा प्याले. तोंड पुसलं, तांब्या माझ्या हातात दिला, आणि "व्हय, कुठं हुतो मी?" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.